फूल कोणासाठीं?

फूल कोणासाठीं उमलतें, हा प्रश्न वरवर पाहतां कवीचा किंवा भाविकाचा वाटतो. सकाळीं परडी घेऊन अंगणांत जाणाऱ्यास त्याचें उत्तर शोधावें लागत नाहीं. देवपूजेसाठीं, वेणीसाठीं, निदान डोळ्यांच्या सुखासाठीं फुलें आहेत, असें आपण धरूनच चालतों. फुलावर बसलेली माशी आपल्या हिशेबीं आगंतुक. ती हातानें वारावयाची आणि फूल खुडावयाचें. हा समज केवळ आपलाच आहे असें नाहीं. सृष्टींतील सौंदर्य मनुष्याच्या आनंदासाठीं निर्माण झालें आहे, हें मत युरोपांतही फार काळ प्रतिष्ठित होतें. तें मत जेथें सर्वांत कसून तपासलें गेलें, तें स्थळ विद्यापीठ नव्हे, राजाचें उद्यान नव्हे, कीं मोठी प्रयोगशाळाही नव्हे. इंग्लंडांतील एका खेड्यांत राहणाऱ्या, सदा आजारी असणाऱ्या एका गृहस्थाची ती घरची बाग होती. त्या बागेचा इतिहास वाचकांस सादर करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

चार्लस डार्विन हें नांव घेतलें कीं जहाज, दूरचीं बेटें, माकडें आणि धर्ममार्तंडांशीं झालेले वाद, एवढेंच बहुतेकांच्या डोळ्यांपुढें उभें राहतें. बीगल जहाजावरून त्यानें १८३१ ते १८३६ या पांच वर्षांत पृथ्वीप्रदक्षिणा केली, हें खरें. परंतु त्यानंतर तो ग्रेट ब्रिटनच्या बाहेर एकदांही गेला नाहीं. १८४२ च्या सप्टेंबरांत त्यानें लंडनपासून सुमारें १६ मैलांवर, केंट परगण्यांतील डाऊन या खेड्यांत बिऱ्हाड नेलें आणि १८८२ सालीं देह ठेवीपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षें, तो तेथेंच राहिला. पोटाच्या विकारानें तो जर्जर झालेला असे. पाहुण्यांशीं तासभर बोलणें झालें तरी त्याची रात्र वाईट जाई. साऱ्या जगाला वळसा घालून आलेल्या या माणसाला पुढचें जग आपल्या कुंपणाच्या आंतच शोधावें लागलें. घराभोंवतीं सुमारें १८ एकर जागा होती. तींत गवताचें कुरण, भाजीचा मळा, पत्नी एमाच्या देखरेखीखालचे फुलांचे ताटवे, आणि मागल्या बाजूस त्यानें स्वतः झाडें लावून केलेली वाळूची पायवाट, असा सारा संसार होता. या वाटेवरून रोज ठराविक फेऱ्या घालावयाच्या, ताटव्यांपाशीं थांबावयाचें आणि फुलावर कोण येतो तें पाहात राहावयाचें, हा त्याचा नित्यक्रम होऊन बसला.

ही दृष्टि सर्वस्वी त्याची स्वतःची नव्हती. त्याच्या आधीं अर्धें शतक जर्मनींतील स्पांडाऊ येथील शाळेचा मुख्याध्यापक क्रिस्टिआन कोनराड श्प्रेंगेल यानें एका रानटी जिरेनियमच्या पाकळीच्या बुडाशीं बारीक केस पाहिले आणि हे येथें उगाच नसावेत, असें त्याच्या मनानें घेतलें. हे केस फुलांतील मधाचें पावसापासून रक्षण करतात. मध कीटकांसाठीं आहे. आणि पाकळ्यांवरील रेषा व ठिपके म्हणजे मधाकडे जाणारी वाट दाखविणाऱ्या खुणा होत, असें त्यानें १७९३ सालच्या आपल्या ग्रंथांत प्रतिपादन केलें. त्याच्या काळच्या विद्वानांनीं त्या ग्रंथाकडे फारसें लक्ष दिलें नाहीं. १८४१ च्या नोव्हेंबरांत रॉबर्ट ब्राऊन या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या सांगण्यावरून डार्विननें तो मिळवून वाचला. कीटक फुलावर कां येतो, याचें उत्तर श्प्रेंगेलनें दिलें होतें. परंतु एका फुलाचा पराग दुसऱ्या झाडाच्या फुलावर पोंचल्यानें त्या झाडाचा कोणता लाभ होतो, हा पुढचा प्रश्न त्यानें विचारला नव्हता. तो प्रश्न डार्विननें आपल्या बागेला विचारला.

प्रथम भुंग्यांची कथा सांगितली पाहिजे. विलायतेंत थंडी सोसणारी एक जाड, केसाळ मधमाशी असते. आपला काळा भुंगा तिच्याहून निराळा, पण सोयीसाठीं आपण तिला भुंगाच म्हणूं. १८५४ सालच्या सप्टेंबरांत डार्विनच्या एका मुलानें हे भुंगे एका झाडाच्या बुंध्याशीं असलेल्या भोकाजवळ एकामागून एक येतांना पाहिले व बापाला हांक मारली. भोकांत पोळें नव्हतें. नर भुंगे तेथें क्षणभर गुणगुणत आणि पुढें निघून जात. डार्विननें आपलीं पांच-सहा मुलें कुंपणाच्या कडेनें ठिकठिकाणीं उभीं केलीं आणि भुंगा आला कीं ओरडावें, असा हुकूम सोडला. भुंग्यांच्या अंगावर पीठ भुरभुरवून ते ओळखूं येतात कीं काय तेंही पाहण्यांत आलें. एके ठिकाणीं वाट काटेरी झुडपांनीं भरलेल्या खळग्यांतून जात होती. तेथें मुलांना पोटावर सरपटत पाठविण्यांत आलें. असा हा उद्योग पुढें कित्येक उन्हाळे चालला. निष्पन्न झालें तें असें कीं, भुंग्यांचे थांबे व वाटा ठरलेल्या असतात. इतकेंच नव्हे, तर यंदाचे भुंगे मरून गेल्यावर पुढल्या वर्षींचे नवे भुंगेही त्याच जागीं थांबतात. याचें कोडें डार्विनला उलगडलें नाहीं. नर आपल्या थांब्यांवर गंधाची खूण ठेवतात व त्या गंधानें मादीला बोलावतात, हें पुढच्या शास्त्रज्ञांनीं दाखविलें. एका थोर शास्त्रज्ञाचे मदतनीस म्हणून या संशोधनांत घरचीं लहान मुलें होतीं आणि उपकरण म्हणून स्वयंपाकघरांतलें पीठ होतें, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते.

पाहणें झालें, आतां परीक्षा घ्यावयाची. लाल क्लोव्हर म्हणून लसूणघासाच्या कुळांतलें एक चाऱ्याचें रोप असतें. डार्विननें त्याचे १०० तुरे उघडे ठेवले आणि तितकेच जाळीदार कापडाखालीं झांकले. उघड्या तुऱ्यांना २,७०० बिया धरल्या. झांकलेल्यांना एकही नाहीं. ऊन तेंच, पाऊस तोच, माती तीच. मधें फक्त एक विरळ कापड, ज्यांतून वारा जातो पण भुंगा जात नाहीं. यावरून १८५९ सालच्या आपल्या सुप्रसिद्ध ग्रंथांत त्यानें जी साखळी जोडली ती वाचकांनीं कदाचित् ऐकली असेल. क्लोव्हरला भुंगा हवा. भुंग्यांचीं घरटीं शेतांतले उंदीर उद्ध्वस्त करतात. उंदरांना मांजरें आवरतात. तेव्हां गांवांत मांजरें किती, यावर रानांत तें फूल किती, हें अवलंबून असावें. ऐकतांना ही गोष्ट पंचतंत्रांतली वाटते, परंतु तिचा पहिला दुवा त्या कापडाच्या तुकड्याखालीं मोजून पाहिलेला होता.

कीटक सारेच सज्जन असतात असा मात्र त्याचा दावा नव्हता. घेवड्याच्या फुलाला बुडाशीं भोंक पाडून परागाला न शिवतां मध चोरणारे भुंगे त्यानें पाहिले होते आणि एकानें पाडलेल्या भोकाचा उपयोग मागून दुसरे करतात, हेंही त्याच्या नजरेंतून सुटलें नव्हतें. अशा चोऱ्यांविषयीं १८४१ सालींच त्यानें बागाईतदारांच्या एका साप्ताहिकांत लिहिलें होतें. फूल आणि कीटक यांचा व्यवहार प्रेमाचा नसून देण्याघेण्याचा आहे; जो तो आपला लाभ पाहतो आणि तरीही दोघांचें चालतें, ही त्याच्या विचाराची दिशा येथें स्पष्ट दिसते.

हा व्यवहार ज्या वनस्पतींत कमालीच्या कुशलतेनें बांधलेला आढळतो, त्या म्हणजे ऑर्किड. आपल्याकडे आंब्याफणसाच्या फांदीवर लोंबणारी सीतेची वेणी याच कुळांतली. डाऊनजवळच्या एका उतारावर निरनिराळ्या जातींचीं जमिनीवरचीं ऑर्किडें उगवत. त्यांतील एका जातीच्या फुलांत डार्विननें टोंक केलेली पेन्सिल भुंग्याच्या सोंडेसारखी हळूच घातली आणि बाहेर काढली, तों परागाचीं दोन इवलीं गांठोडीं तिला चिकटून आलीं. प्रथम तीं पेन्सिलीवर ताठ उभीं होतीं. परंतु सुमारें अर्ध्या मिनिटांत तीं आपोआप पुढें कलंडलीं. हा विलंब व्यर्थ नव्हे. तेवढ्या वेळांत भुंगा दुसऱ्या फुलावर जातो आणि पुढें वांकलेलें गांठोडें नेमकें त्या फुलाच्या कुक्षीवर आदळतें. ताठ राहिलें असतें तर चुकलें असतें. अशा युक्त्यांचें वर्णन करणारा त्याचा ऑर्किडांवरील ग्रंथ १८६२ च्या मे महिन्यांत बाहेर पडला. पुढल्याच वर्षीं त्यानें बागेंत उष्ण प्रदेशांतल्या झाडांसाठीं काचघर बांधविलें आणि क्यू येथील सरकारी उद्यानांतून त्याचा मित्र हूकर यानें त्यासाठीं रोपें पाठविलीं.

त्याच १८६२ च्या जानेवारींत बेटमन नांवाच्या एका शौकिनाकडून मादागास्करच्या एका ऑर्किडाचीं फुलें त्याच्याकडे आलीं होतीं. मेणासारखें पांढरें, ताऱ्याच्या आकाराचें तें फूल. त्याच्या मागें हिरव्या नळीसारखें शेपूट लोंबतें. डार्विननें तें मोजलें तों साडेअकरा इंच भरलें आणि मध केवळ तळच्या दीड इंचांत! एवढ्या खोल तळाशीं मध ठेवून फुलानें काय साधलें? डार्विननें लिहिलें कीं, मादागास्करांत दहा-अकरा इंच सोंडेचा पतंग असलाच पाहिजे. असा पतंग कोणी पाहिलेला नव्हता, आणि कांहीं कीटकशास्त्रज्ञांनीं या विधानाची थट्टा केली. ड्यूक ऑफ आर्गाइल यानें उलट असा पक्ष घेतला कीं, अशी रचना म्हणजे कर्त्याच्या योजनेचाच पुरावा होय. १८६७ सालीं वॉलेस यानें त्याला उत्तर दिलें आणि हा पतंग शोधणाऱ्यानें निःशंक मनानें शोधावा, असें बजाविलें. डार्विन १८८२ त वारला. १९०३ सालीं मादागास्करचा तो लांब सोंडेचा पतंग शास्त्रीय ग्रंथांत नोंदला गेला, आणि त्याच्या नांवांत ‘भाकीत केलेला’ या अर्थाचा लॅटिन शब्द घालण्यांत आला. ज्योतिष्यानें ग्रह सांगावा आणि मागून तो दुर्बिणींत दिसावा, तसा हा प्रकार झाला. फरक इतकाच कीं, येथें दुर्बिणीच्या ठिकाणीं मोजपट्टी होती.

पाहुणा न आल्यास यजमानाचें काय होतें, याचें उदाहरण दुसऱ्या एका ऑर्किडानें पुरविलें आहे. व्हॅनिला ही मेक्सिकोकडची वेल. ती दुसऱ्या देशांत नेली, ती वाढली, फुललीही. पण शेंग धरीना, कारण तिचा कीटक मागेंच राहिला होता. अखेर १८४१ सालीं हिंदी महासागरांतील रेयुनियन बेटावर एडमंड आल्बिउस नांवाच्या १२ वर्षांच्या गुलाम मुलानें बारीक काडीनें फुलांतला पडदा उचलून आंगठ्यानें पराग कुक्षीवर दाबण्याची सोपी युक्ति काढली. आजही बहुतेक व्हॅनिलाची शेंग अशीच माणसाच्या हातानें धरविली जाते. एका कीटकाच्या गैरहजेरीची भरपाई लक्षावधि मनुष्यहातांना करावी लागते, यावरून त्या कीटकाच्या नित्याच्या चाकरीचें मोल कळावें.

आतां या बागेंतील ज्या प्रयोगांत डार्विनचें स्वतःचें काळीज गुंतलें होतें, तिकडे वळूं. एका निराळ्याच कामासाठीं त्यानें एका रानफुलाचे शेजारीं शेजारीं दोन वाफे केले होते. एकांत स्वपरागाच्या बियांचीं रोपें, दुसऱ्यांत परपरागाच्या. वाढ पुरी होतांच परपरागाचीं रोपें उघड उघड उंच व जोमदार दिसलीं. त्याला आश्चर्य वाटलें आणि मग ११ वर्षें त्यानें हाच ध्यास घेतला. निळ्या-जांभळ्या गारवेलीच्या जातीच्या वेलींच्या दहा पिढ्या त्यानें जाळीखालीं वाढविल्या; परपरागाच्या वेलींची उंची १०० धरली तर स्वपरागाच्या वेलींची सरासरी ७७ भरली. १८७६ सालीं हे सारे आंकडे ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाले.

या आंकड्यांमागें एक घरगुती दुःख होतें. एमा ही डार्विनची सख्खी मामेबहीण. आपल्याकडे अनेक घराण्यांत मामाची मुलगी करण्याची चाल आहेच, तेव्हां हें नातें मराठी वाचकाला परकें वाटणार नाहीं. या दांपत्याला दहा अपत्यें झालीं. त्यांपैकीं दोन तान्हेपणींच गेलीं आणि लाडकी अॅनी १८५१ सालीं दहा वर्षांची होऊन वारली. उरलेल्यांपैकीं कित्येकांची प्रकृति तोळामासा असे. आपल्या मुलांचें अशक्तपण हें आपल्या लग्नाचें तर फळ नव्हे, ही शंका बापाला कुरतडीत राहिली. १८७० सालीं त्यानें आपला शेजारी व पार्लमेंटचा सभासद लबक याच्यामार्फत अशी खटपट केली कीं, येणाऱ्या खानेसुमारींत आतेमामे भावंडांच्या विवाहांविषयीं एक प्रश्न घालावा. पण सभागृहानें तें फेटाळलें. माणसांविषयींचा आंकडा देण्यास सरकार तयार नव्हतें. वेलींविषयींचा आंकडा बागेनें दिला. भुंगा एका झाडाचा पराग दुसऱ्या झाडावर नेतो म्हणजे काय करतो, तें आतां कळलें: तो झाडांची सोयरीक बाहेर जमवितो. वेलीचा नियम माणसाला जसाच्या तसा लावतां येत नाहीं, हें खरें. परंतु वाफ्याशीं वांकून उंची मोजणाऱ्या त्या बापाच्या मनांत कोणता प्रश्न असेल, हें ओळखण्यास फारसें सायास नकोत.

येथवर पाहुण्यांच्या आदरसत्काराची गोष्ट झाली. पण याच घरीं असेंही एक झाड होतें कीं जें पाहुण्यालाच खाऊन टाकी. १८६० च्या उन्हाळ्यांत ससेक्समधील एका माळावर डार्विनला दवबिंदू या वनस्पतीचीं रोपें दिसलीं. सहज म्हणून त्यानें बारा रोपें उपटलीं. त्यांवर ५६ पुरीं उमललेलीं पानें होतीं आणि त्यांपैकीं ३१ पानांवर मेलेले कीटक चिकटलेले होते. पानावरच्या तांबूस केसांच्या टोंकांना दंवासारखे चिकट थेंब असतात. किडा बसला कीं केस सावकाश वांकून त्याला वेढतात आणि पान त्याचा रस शोषून घेतें. या रोपांचा डार्विनला असा नाद लागला कीं, जगांतल्या साऱ्या जीवजातींच्या उत्पत्तीपेक्षां आपणांस सध्यां याचीच काळजी अधिक आहे, अशा अर्थाचें त्यानें एका मित्रास लिहिलें. त्यानें पानांना कच्चें मांस, अंड्यांतला पांढरा भाग, दूध असें नाना प्रकारचें खाद्य भरवून पाहिलें. माणसाच्या केसाचा डोळ्याला जेमतेम दिसणारा तुकडा ठेवला तरी पानाचा केस हालतो, पण पावसाचे थेंब आदळले तरी हालत नाहीं, हें त्यानें दाखविलें. नवरा त्या रोपाशीं जनावराप्रमाणें वागतो आहे आणि शेवटीं तें जनावरच आहे असें सिद्ध करील, अशी थट्टा एमानें एका पत्रांत केली आहे.

कीटकभक्षक वनस्पतींवरील त्याचा ग्रंथ १८७५ सालीं निघाला. त्यांतील एक भाग अमेरिकेंतील न्यू जर्सी संस्थानांतल्या मेरी ट्रीट या बाईंच्या निरीक्षणांचा ऋणी आहे. पाण्यांतल्या एका वनस्पतीच्या इवल्या पिशव्यांत सूक्ष्म जीव कसे कोंडले जातात, हें या बाईंनीं आपल्या राहत्या घरीं पाहिलें होतें व डार्विनला कळविलें होतें. याच जातींतलें एक फूल आपण चांगलें ओळखतों. साताऱ्याजवळच्या कासच्या पठारावर पावसाळ्याअखेर जिचा जांभळा गालिचा पसरतो, ती सीतेची आसवें ही त्याच कुळांतली. तिच्या ओल्या मातींतल्या भागावर तसल्याच पिशव्या असतात. त्याच पठारावर दवबिंदूही चमकतो. माती इतकी उथळ व निःसत्त्व, कीं तेथल्या रोपांना अन्नाची तूट किड्यांकडून भरून काढावी लागते. इतकें करूनही, किडे खाल्ल्यानें रोपाचा खरोखर लाभ होतो हें डार्विनला मापून दाखवितां आलें नव्हतें. तें काम १८७८ सालीं त्याचा मुलगा फ्रान्सिस यानें केलें: मांस भरविलेल्या रोपांना न भरविलेल्यांपेक्षां कितीतरी अधिक बी आलें.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. १८६६ सालीं आपल्या मुख्य ग्रंथाच्या नव्या आवृत्तींत डार्विननें आपलें उत्तर नोंदविलें. वाऱ्यावर पराग सोडणाऱ्या वनस्पतींचीं फुलें कधीं भडक रंगाचीं नसतात. कीटक पृथ्वीवर नसते तर ती या सुंदर फुलांनीं नटलीच नसती. आपण आपल्या भोंवतीं पाहिलें तरी हें पटतें. मक्याच्या तुऱ्याला किंवा गवताच्या फुलाला रंग ना गंध. आणि काळोखांत उमलणारीं रातराणी-पारिजातकासारखीं फुलें पांढरट व सुगंधी, कारण त्यांचे पाहुणे रात्रीं हिंडणारे. या उत्तरावर कोणी म्हणेल कीं, सौंदर्याला असा व्यवहार चिकटविल्यानें फुलाची शोभा उणी झाली. आम्हांस तसें वाटत नाहीं. आपण ज्याला पाहून सुखावतों तें दुसऱ्या कोणाला उद्देशून कोट्यवधि वर्षें बोललें गेलेलें बोलणें आहे आणि तें आपल्यालाही गोड लागतें, हा काय लहान चमत्कार आहे? उलट, सर्व कांहीं आपल्यासाठीं आहे असें मानणारा मनुष्य माशी वारतो, औषधाचा फवारा मारतो, आणि मग फळ कां धरत नाहीं म्हणून नशिबाला बोल लावतो.

ज्यांना परस आहे, किंवा शहरांत नुसती गच्ची आहे, त्यांना या इतिहासाची प्रचीति घरींच घेतां येईल. लाल भोपळ्याचें पिवळें फूल पहांटे उमलतें व सातेरी मधमाशी त्यावर येते. दुधीचें पांढरें फूल संध्याकाळीं उमलतें आणि पतंगाची वाट पाहतें. भोपळ्याची एखादी मादी-कळी, जिच्या बुडाशीं इवलें फळ दिसतें ती, आदल्या सायंकाळीं पातळ कापडानें झांकून ठेवावी आणि शेजारची उघडी सोडावी. आठवड्याच्या आंत झांकलेलें फळ पिवळें पडून गळेल. मधमाशी आली असेल तर उघडें फळ भरूं लागेल. यासाठीं ना जहाज लागतें, ना काचघर. जुन्या धोतराचा एक तुकडा पुरतो, आणि मुलें मोजावयास मिळालीं तर फारच उत्तम.